कललेली टोपली

तळ्याचं पाणी त्या वर्षी गुडघ्याच्या वर चढलंच नाही. एरवी या दिवसांत लव्हाळं कापायला कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागे. विळा पाण्याखाली कुठं चाललाय ते डोळ्यांना दिसत नसे, हाताला कळे. आता सगळं उघडं पडलं होतं. लव्हाळ्याची बुडं, त्यांच्या मधला काळा चिखल, चिखलात रुतलेली कुणाची तरी जुनी चप्पल. धाकटी वाकून कापत होती. काड्या हातभरही नव्हत्या. असल्या काडीची टोपली होत नाही, टोपलीचं पोर होतं, असं बाबा म्हणायचे.

धुकं अजून उठलं नव्हतं. दादा पलीकडच्या अंगाला कापत होता, पण दिसत नव्हता. त्याच्या विळ्याचा आवाज तेवढा पाण्यावरून सरपटत येई. त्यात दुसरा एक आवाज मिसळेल असं तिला अधूनमधून वाटे. बाबांचा विळा अडखळत चालायचा. थोडं कापलं की थांबा, छातीत हवा भरायला. तो थांबा ऐकू यावा म्हणून ती आपला हात थांबवी. मग तळं अगदी गप्प होऊन जाई.

कमरेच्या पिशवीत फोन थरथरला. हात ओले होते. तिनं बोटं ओढणीला पुसली आणि पाण्यातच उभी राहून बघितलं.

या घराच्या टोपल्या गेली काही वर्षं फोनवरून विकल्या जात होत्या. बाजारातली गिऱ्हाइकं प्लास्टिकच्या बादल्यांकडं गेली, तेव्हा धाकटीनंच एका कंपनीच्या ॲपवर दुकान मांडलं. कुठलं गिऱ्हाईक, कुठलं गाव, काही कळत नसे. कंपनीची गाडी येई, पार्सल उचलून नेई. माल पोचला, तक्रार आली नाही, की मग पैसे खात्यात उतरत. तक्रार आली तर मात्र ती मिटेपर्यंत कुठल्याच मालाचे उतरत नसत.

आज तक्रार आली होती. 'वर्णनाप्रमाणे नाही', असं कंपनीच्या ठरलेल्या शब्दांत लिहिलं होतं. त्याखाली गिऱ्हाईक बाईनं स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं: 'टोपली उघडली तर पांढरी बुरशी. घरभर वास. वडिलांच्या हातची म्हणून कौतुकानं मागवली होती.' खाली फोटो होता.

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. बुरशी गोल टोपलीवर दव पडल्यासारखी पसरली होती. पण तिची नजर बुरशीवर थांबली नाही. टोपली डाव्या अंगाला कलली होती. दमलेला माणूस पाय दुमडून एका हातावर रेलतो, तशी.

त्या घरातून अशी कललेली टोपली एकच निघाली होती. बाबांची शेवटची. मांडीवर घेऊन ती विणताना उजवा हात त्यांना पुरेसा उचलता येत नव्हता.

"दादा," तिनं हाक मारली. पलीकडचा विळा थांबला, एवढंच.

*

टोपली दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली होती. कामाचा नमुना म्हणून तिचाच फोटो दुकानात लावलेला. मध्ये धाकटीला ताप आला, चार दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. उठून बघते तर खुंटी रिकामी. आईला ती डोळ्यांसमोर नको झाली असेल, पेटीत ठेवली असेल, असं तिनं धरून घेतलं. विचारलं नाही. बाबा गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. सगळे एकमेकांच्या कडेनं चालत, झोपलेल्या माणसाच्या कडेनं चालावं तसे.

आता मात्र तिनं विचारलं. आई पडवीत बसून काड्या चिरून शिवायच्या पात्या काढत होती.

"खुंटीवरची टोपली कुणी दिली?"

आईनं मान वर केली नाही. "ऑर्डर आली होती. तयार माल तेवढाच होता."

"मी बांधली," दादा म्हणाला. "आईनं हातात दिली, मी पिशवीत घातली. मला काय माहीत कुठली ते? मला सगळ्या टोपल्या टोपल्यांसारख्याच दिसतात."

"तुला बायकोही सगळ्या बायकांसारखीच दिसते," वहिनी चुलीपाशून म्हणाली. कुणी हसलं नाही, तेव्हा ती पुन्हा भाकरीकडं वळली.

"आणि बुरशी?"

मग हळूहळू कळलं. टोपली घरातून बाहेर पडताना तिला पाणी दाखवायचं, ही आईची सवय. कोरडी काडी गाडीच्या हादऱ्यानं तडकते, म्हणून निघण्याआधी ओंजळभर पाणी शिंपडायचं. बाजारापर्यंत उघड्या गाडीत, वाऱ्यात, टोपली वाळून खडखडीत होई. त्या दिवशीही आईनं शिंपडलं. आणि दादानं कंपनीच्या सूचना वाचून ती जाड प्लास्टिकमध्ये घातली, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली, हवेला फट म्हणून ठेवली नाही. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं.

"मग चूक आपलीच," दादा म्हणाला. "दाब 'मान्य' आणि मोकळी हो. एका टोपलीसाठी सगळ्या ऑर्डरींचे पैसे अडकलेत. परवा ट्रकवाला वरच्या धरणातलं लव्हाळं घेऊन येतोय. रोख नसेल तर तो गाडी दारात उभीही करणार नाही."

'मान्य' दाबण्याआधी तिनं खालची बारीक अक्षरं वाचली. बाबांनी तिला लावलेली खोड होती ती. औषधाच्या बाटलीवरचंही ते मोठ्यानं वाचायला लावायचे. लिहिलं होतं: बुरशी लागलेला माल परत घेतला जात नाही. विक्रेत्यानं तक्रार मान्य केल्यास ग्राहकाचे पैसे परत होतील. ग्राहकानं वस्तू कापून निकामी करावी आणि तसा फोटो पाठवावा.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग फोन पालथा ठेवला.

*

कंपनीच्या माणसाशी बोलायला बराच वेळ गाणं ऐकावं लागलं. मग एक मुलगी आली. आवाज गोड होता आणि घाईत होता.

"मॅडम, तक्रार तुम्हाला मान्य आहे की अमान्य?"

"मान्य आहे. पैसे परत द्या त्यांना. फक्त टोपली मला परत हवी."

"मॅडम, या प्रकारात परत येत नाही."

"गाडीभाडं मी देते. दोन्हीकडचं."

"बुरशीचा माल आमची गाडी उचलत नाही, मॅडम. बाकीच्या पार्सलांना लागते."

"मग त्या बाईंना सांगा, कापू नका. नुसती ठेवून द्या."

"कापल्याचा फोटो आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, मॅडम. नाहीतर लोक पैसेही घेतात आणि वस्तूही वापरतात." मुलगी जरा थांबली. "तुम्हाला मान्य नसेल तर वाद नोंदवा. वाद मिटेपर्यंत वस्तूला हात लावता येत नाही कुणाला. पण तुमचे पैसेही तोवर थांबतात."

"किती दिवस?"

"ते वादावर असतं, मॅडम."

तिनं वाद नोंदवायचं पान उघडलं. तिथं कारणांचे ठरलेले खाने होते. माल चांगला होता. माल वाटेत खराब झाला. ग्राहकानं माल नीट ठेवला नाही. पैसेही देते आणि टोपलीही परत मागते, असा खाना नव्हता. कंपनीच्या जगात असं कुणी माणूसच नसावं. पहिला खाना खोटा, दुसऱ्याला गाडीवाल्याची पावती हवी. उरला तिसरा. ती पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. समोर दोरीवर वाळत घातलेले पंचे हलत होते, त्यात बाबांचाही होता. कुणी तो काढला नव्हता आणि वापरलाही नव्हता. वहिनी दर धुण्याला तो उगाच धुऊन घाली.

धाकटीनं तिसऱ्या खान्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. 'मी पार्सल आलं त्याच दिवशी उघडलं. खोटं कशाला बोलू? तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही इतकं छान लिहिलं होतंत, म्हणून तर घेतली.'

ते वाचताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाबा बाजारात टोपली विकताना आधी तिचा दोष दाखवायचे. इथं काडी जाड आलीय बघा, इथं जरा सैल आहे. मग भाव सांगायचे. आई चिडायची: "सगळं हात दाखवून अवलक्षण. गिऱ्हाईक पळेल." पण गिऱ्हाईक पळत नसे.

*

ट्रकवाला आला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. गाडीतलं लव्हाळं पुरुषभर उंच, हिरवट, काही काड्यांना अजून फुलोरा होता. अंगणात उभं राहिलं तरी ओल्या बांधाचा वास आला. आई पुढं झाली, एक काडी ओढून तिनं बोटाभोवती गुंडाळली. काडी मोडली नाही. आईच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी काहीतरी हललं.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"चांगलं आहे म्हणून तर रोख," ट्रकवाला म्हणाला. "मालक होते तेव्हा सांगायचो नाही मी असं. मालकाची गोष्ट वेगळी होती."

"अडकलेत पैसे," दादा म्हणाला. "आठवडाभरात देतो."

"फोनमध्ये अडकलेत म्हणे. अरे बाबा, फोनमध्ये अडकलेले पैसे मी डिझेलच्या पंपावर कसे दाखवू? पंपवाला काय फोन चाटणार आहे?" तो हसला, पण गाडीचं फळकुट त्यानं उघडलं नाही. पाणी प्यायला, बाबांच्या रिकाम्या बाकाकडं एकदा बघितलं, आणि गाडी वळवून निघून गेला. वाटेवर दोन-चार काड्या गळून पडल्या. वहिनीनं त्या गोळा करून आणल्या. कुणाकडं न बघता कोपऱ्यात ठेवल्या.

दादा पायरीवर बसला. "कशाला हा वाद? खरं सांग. त्या बाईनं काय वाकडं केलंय आपलं?"

"ती कापेल टोपली."

"मग कापू दे. टोपलीच आहे."

"बाबांची शेवटची आहे."

"मला माहीत नाही का?" तो एवढ्या हळू बोलला, की ओरडला असता तर बरं झालं असतं. "पण मला या वर्षी काड्याही हव्यात. त्या टोपलीतून काय पाणी भरायचंय?"

आई कधी उठून आली ते दोघांनाही कळलं नाही. तिच्या पदराला लव्हाळ्याचा भुसा लागला होता.

"दे इकडं," ती म्हणाली.

धाकटीला वाटलं, आई समजूत काढायला फोन बाजूला ठेवणार. तिनं दिला. आईनं फोन लांब धरला, डोळे बारीक केले. तिला वाचता येत होतं, फक्त सावकाश. वाद मागे घ्या. तक्रार मान्य करा. अंगठा तिनं आधी पदराला पुसला आणि मग दाबला, काडी दबते का ते बघायला दाबावा तसा, जोर लावून.

"आई."

"झालं," आई म्हणाली, आणि पुन्हा पात्या काढायला जाऊन बसली.

*

मधले दिवस पाण्याखालून चालल्यासारखे गेले. धाकटी कामं करत होती, पण हात दुसऱ्या कुणाचे असावेत असं वाटे. पहाटेच्या सुमारास एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. कुठल्याशा अनोळखी घरात, स्वच्छ फरशीवर, टोपली बसलेली आहे. कुणीतरी कात्री घेऊन येतं. बाबा दारात उभे आहेत आणि सांगताहेत, इथं जरा सैल आहे बघा, इथून कापा.

आईशी ती बोलत नव्हती. आई तरी बोलत होती कुठं? दोघी समोरासमोर बसून काड्या भिजवत, आणि मध्ये पाण्याचं घमेलं.

फोटो आला तेव्हाही त्या तशाच बसल्या होत्या.

तिला बघायचा नव्हता. तरी बघितला. टोपलीचे तुकडे नव्हते. काठावर एकाच जागी कात्री चालवली होती. काठाची जाड गुंडाळी दुभंगली होती आणि आतला गाभा दिसत होता. खाली बाईनं लिहिलं होतं: 'कापा म्हणाले, म्हणून कापायला घेतली. काठ कापला आणि पुढं हात चालेना. एवढ्यावरच कंपनीनं मानलं. पैसे आले. उन्हात ठेवल्यावर बुरशी सगळी गेली. हिचं आता काय करू?'

धाकटीनं श्वास सोडला. मग तिनं फोटो मोठा केला. आणि मोठा केला.

त्या घरात नवरा-बायकोचं आयुष्यभराचं एक भांडण होतं. काड्यांच्या जुडीचं वेटोळं घालत, ते पातीनं शिवत टोपली वर चढवायची. जुडीत नवी काडी घालताना बाबा जाड बुडख्याकडून घालायचे, आई बारीक शेंड्याकडून. "लग्नात नवरदेव डोकं पुढं घालून दारात शिरतो, पाय पुढं घालून नाही," बाबा म्हणायचे. "म्हणून तर चौकटीला आपटतो," आई म्हणायची. एकदा शिवलं की बाहेरून काही फरक दिसत नसे. टोपली कापली तरच दिसेल, आणि टोपली कोण कापतो?

कापलेल्या काठाच्या गाभ्यात सगळे शेंडे होते. बारीक, मऊ, एकाच दिशेला निमुळते होत गेलेले. जाड बुडखा एकही नाही.

"आई," ती म्हणाली. "काठ तुझा आहे."

आईचा हात घमेल्यातच थांबला. पाणी हललं, मग स्थिर झालं. त्यात छपराचा एक तुकडा आणि आभाळ दिसू लागलं.

"दिसतं का त्यात?" तिनं विचारलं.

धाकटीनं फोन तिच्यासमोर धरला. आईनं हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"काठाला आले आणि त्यांचा हात राहिला," ती म्हणाली. "रोज विणायला घ्यायचे, दुपारी मांडीवर टोपली घेऊन झोपून जायचे. मग मी हळूच काढून घ्यायची. दोन-चार फेर घालायची आणि परत मांडीवर ठेवायची. उठले की म्हणायचे, आज बरंच झालं की गं. मी म्हणायची, झालं."

"त्यांना कळलं नाही?"

"त्यांच्या बोटांना कळलं नसेल?" आईनं एक काडी उचलली, उगाच पुसली. "नाही बोलले. शेवटी एकदा म्हणाले, काठ छान आलाय, माझ्या हाताला असा कधी येत नाही."

वहिनी दारात येऊन उभी होती. ती तशीच मागं सरली.

"मग तू ती विकलीस का?"

"येईल तो त्या काठावरून हात फिरवायचा. काय हात होता म्हणे माणसाचा. शेवटपर्यंत हलला नाही म्हणे. तू तर सगळ्यांना उतरवून दाखवायचीस." आईच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी काय बोलू? माझा आहे म्हणू? तो हलला होता, थरथरत होता, मी बघितलाय, म्हणू? त्यांची टोपली म्हणून माझ्याच कामाचं कौतुक ऐकत दाराशी उभं राहायचं. मला ऐकवेना गं. ऑर्डर आली, देऊन टाकली. पाणी दाखवलं आणि देऊन टाकली."

तळ्याकडून वारा आला आणि घमेल्यातलं आभाळ सुरकुतलं.

मग धाकटीनं त्या बाईंना लिहिलं. लिहायला खूप वेळ लागला, कारण आधी दोष सांगायचा होता. टोपली आम्हीच ओली पाठवली. तुम्ही नीट ठेवली नाही असं मी नोंदवलं, ते खोटं होतं. आणि ती पूर्ण वडिलांच्या हातची नाही, काठ आईचा आहे. हे मला आजच कळलं. जमलं तर खालच्या पत्त्यावर परत पाठवा, कागदात बांधून, प्लास्टिकमध्ये नको. नाही जमलं तरी चालेल. असू द्या तुमच्याकडं.

*

ट्रकवाला पुन्हा आला. या खेपेला लव्हाळं आधीपेक्षा आखूड होतं, चांगलं त्यानं दुसरीकडं उतरवलं होतं. दादानं बोल लावला नाही. आलेल्या पैशांत बसेल तेवढं उतरवून घेतलं आणि सावलीत उभं करून ठेवलं. पडवीत पुन्हा ओल्या बांधाचा वास भरला. वाटेवर गळलेल्या त्या काड्याही वहिनीनं त्यातच मिसळल्या.

टोपली साध्या टपालानं आली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर सुती दोरी. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. बुडाशी कसलं तरी एक वाळलेलं पान तेवढं चिकटलं होतं, इकडच्या झाडांचं नव्हतं. धाकटीनं ते तसंच राहू दिलं.

दादानं टोपली हातात घेऊन फिरवली. कापलेल्या जागेत बोट घातलं. "कललीय खरी," तो म्हणाला. "माझ्या कशी लक्षात आली नाही?" आणि भर्रकन उठून तळ्याकडं निघून गेला. विळा न घेताच.

आईनं टोपलीचा काठ घमेल्यातल्या पाण्यात बुडवला. काडी भिजून मऊ होईपर्यंत ती मांडीवर हात ठेवून बसली. मग दाभणाच्या टोकानं पात उचलली आणि उसवायला लागली. स्वतःचं काम उसवताना तिचा हात भराभर चालत होता. एकेक फेर सुटत गेला. सुटलेले शेंडे तिच्या पायाशी ढीग होऊन पडले, अजून वेटोळ्याचा बाक धरून असलेले.

मग हात सावकाश झाला. मग थांबला. धाकटीला तिथं काहीच वेगळं दिसेना. तसाच टाका, तशीच पात. पण आईचा अंगठा त्या जागेवरून हलला नाही.

"हा त्यांचा," ती म्हणाली.

जुडीतून एक जाड बुडखा बाहेर डोकावत होता, डोकं पुढं करून. त्याच्यामागं टाके आधी सैल होते, मग वाकडे, आणि मग, अगदी शेवटी, पात एकाच जागी दोनदा फिरवलेली होती. झोप लागण्याआधी माणूस एखादं वाक्य पुन्हा म्हणतो, तशी.

दोघी बघत बसल्या. दोरीवर पंचा हलत होता.

आईनं टोपली उचलून धाकटीच्या मांडीवर ठेवली. कललेल्या बाजूनं ती पोटाशी बरोबर बसली. दाभण तिच्या हातात दिलं.

"आता तू घाल काठ."

धाकटीनं घमेल्यातून एक काडी उचलली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"कुठून घालू?" तिनं विचारलं. "बुडख्याकडून की शेंड्याकडून?"

आईनं पायाशी पडलेले शेंडे गोळा केले आणि पाण्यात पुन्हा भिजत टाकले.

"तुझ्या हाताला येईल तशी घाल," ती म्हणाली. "मी बघत नाही."

आणि खरंच, ती तळ्याकडं तोंड करून बसली.